घोयरा आणि दयाळ

दिवाळी अंकातल्या टीकालेखाकडे वाचक वळतो तो बहुधा भाऊबीज आटोपल्यावर. कथा वाचून झालेल्या असतात, राशिभविष्य दोनदा पाहून झालेले असते, चिवड्याच्या डब्यात तळाशी कढीपत्ता तेवढा उरलेला असतो, आणि मग अंक चाळता चाळता नजर टीकेवर येऊन पडते. हे ठाऊक असल्यामुळे एखाद्या कादंबरीची चिरफाड घेऊन मी तुमच्यापुढे आलेलो नाही. मला परीक्षण करायचे आहे ते दोन प्राण्यांचे. दोघेही आमच्या उपनगरांचे जुने रहिवासी आहेत. एकाचे नाव घोयरा, दुसऱ्याचे दयाळ.

टीकेच्या व्यवसायात एक साधा नियम आहे. पुस्तक वाचल्यावाचून त्याचे परीक्षण लिहू नये. हा नियम मोडणारे टीकाकार असतात, आणि त्यांची नावे आपण आपसांत हसून घेतो. परंतु या दोन प्राण्यांच्या बाबतीत हा नियम आपल्या सबंध भाषेने मोडला आहे. एकाला तिने न पाहताच ढोंगी ठरवले आणि दुसऱ्याला न ऐकताच निष्पाप ठरवले. बोलण्यात, भाषणांत, अग्रलेखांत, कथाकादंबऱ्यांत पाहा. पक्ष बदलला की माणूस ‘सरडा’ होतो, आणि मुलगी दोन ओळी बरी गायली की तिची ‘कोकिळा’ होते. शाळेत मराठी शिकवताना ‘सरड्यासारखे रंग बदलणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न मी आजवर किती वेळा घातला असेल याची गणती नाही. मुले ठरावीक वाक्य लिहितात आणि मी ठरावीक गुण देतो. देणाऱ्याने व घेणाऱ्याने, दोघांनीही तो प्राणी पाहिलेला नसतो.

दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी स्वतःचा गुन्हा सांगून टाकतो. माझ्या पहिल्या कादंबरीत घाटकोपरच्या एका कापडाच्या दुकानातला गुमास्ता आहे. तो शेठशी गुजरातीत बोलतो, हमालांशी हिंदीत बोलतो, गिऱ्हाईक पाहून आवाज चढवतो किंवा उतरवतो, आणि घरी आल्यावर आपल्या गावच्या मराठीत बायकोवर चिडतो. त्याचे वर्णन करताना मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की तो माणूस नव्हता, सरडा होता. त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटे. एका परीक्षणकर्त्याने ते मुद्दाम उद्धृतही केले होते.

हा गुमास्ता म्हणजे माझे वडील होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. लहानपणी सुटीत त्यांचा डबा घेऊन मी मुलुंडहून लोकलने घाटकोपरला जात असे. दुकानाच्या पायरीशी उभा राहिलो की आतून त्यांचा तो निराळाच आवाज ऐकू येई. मऊ, वाकलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘शेठ’ असलेला. मला त्या आवाजाची लाज वाटे. पुढे लेखक झाल्यावर त्या लाजेचे मी एक पात्र केले.

अण्णांनी कादंबरी चार रात्रींत वाचली. पाचव्या दिवशी सकाळी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, “पुस्तक चांगलं झालंय. एक विचारू? रंग बदलणारा तो घोयरा. तू सरडा लिहिलंयस. घोयरा कधी बघितलायस का तू?”

“नाही.”

“मग लिहिलंस कसं?”

एवढेच बोलून ते आंघोळीला गेले. माझ्या कादंबरीवर चार परीक्षणे आली. त्यांत इतके नेमके एकही नव्हते.

त्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्या कुंपणावर मान हलवीत बसतो तो बागेतला सरडा. त्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण त्याचीच. विणीच्या दिवसांत नराचा गळा व डोके लालभडक होते, तेव्हा रंग त्यालाही बदलता येतो. पण या विद्येत तो उमेदवारच म्हणायचा. खरा अधिकारी घोयरा. कोणी त्याला सरडगुहिरा म्हणतात, इंग्रजी शिकलेले शॅमेलिऑन म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्याला सिंहलद्वीपाच्या नावावरून ‘कॅमेलिओ झेलॅनिकस’ हे नाव १७६८ साली दिले. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत व त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेत आणि मादागास्करमध्ये आहेत. भारताच्या वाट्याला ही एकच आली. म्हणजे आपल्या म्हणींच्या न्यायालयात फिर्याद एकावर झाली, पकडून आणला गेला तो त्याचा चुलतभाऊ, आणि खरा आरोपी रानात झाडावर बसून राहिला, असा हा खटला आहे.

पुराणात शोधले तर तिथेही या जातीवर ढोंगाचा आरोप नाही. नृग राजा सरडा होऊन विहिरीत पडला ही कथा महाभारतात आहे, भागवतातही आहे. त्याचा अपराध काय? एका ब्राह्मणाला दिलेली गाय चुकून कळपात परत आली आणि राजाने ती न कळत दुसऱ्याला दान केली. म्हणजे हातून झालेली एक चूक, लबाडी नव्हे. श्रीकृष्णाचा हात लागताच तो मुक्त झाला. पुराणकारांनी सरड्याला दुर्दैवी म्हटले. लुच्चा आपण म्हटले.

बाहेरच्या जगातही हा पक्षपात आहे. चेकॉव्हने १८८४ साली ‘शॅमेलिऑन’ नावाची एक छोटी कथा लिहिली. बाजारात एका माणसाच्या बोटाला कुत्रे चावते. पोलीस अधिकारी कुत्र्यावर ओरडतो. कुत्रे जनरलसाहेबांचे आहे असे कोणी म्हणताच तो त्या माणसावर ओरडू लागतो. नाही, ते त्यांचे नव्हे, असे कळताच पुन्हा कुत्र्यावर. दर वेळी त्याला कधी उकडते, कधी थंडी वाजते, आणि अंगावरचा कोट निघतो व चढतो. कथा अप्रतिम आहे, तिच्या एका शब्दालाही मी हात लावणार नाही. परंतु तो अधिकारी रंग बदलतो तो वरच्या साहेबाकडे पाहून, आणि घोयरा असे काही करीत नाही. कथेतला माणूस खरा आहे, शीर्षकातला प्राणी मात्र निरपराध आहे.

आता दुसऱ्या प्राण्याकडे वळू. तो मला आधी भेटला, कारण त्याला भेटायला कुठे जावे लागले नाही. फाल्गुन सरता सरता आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या गच्चीवर, पहिल्या लोकलचा आवाज सुरू होण्याच्या सुमारास, तो येऊन बसतो. बुलबुलाएवढा देह, वर चकाकता काळा, पोटाखाली पांढराशुभ्र, पंखावर पांढरा पट्टा, आणि शेपूट अशी उभारलेली की जणू कोणी मुजऱ्याला उलट उत्तर देत आहे. मादी तशीच, पण काळ्याच्या जागी राखी. चैत्र-वैशाखात भल्या पहाटे तो जे गातो ते ऐकून रात्रीची कुरकुर विसरावी. पाऊस संपला, वीण आटोपली, की हा गवई जवळजवळ मुका होतो. मग थंडीभर त्याच्या तोंडून एखादी उदास शीळ किंवा घशातली खरखर तेवढी निघते. आज तुम्ही हा अंक वाचत असाल तेव्हा तो खिडकीसमोरून गेला तरी तुम्ही त्याला ओळखणार नाही.

आपल्या काव्यात गाणारा पक्षी म्हटला की कोकिळा, नाही तर बुलबुल. टीकाकार म्हणून दोन्ही नावांवर मला हरकत घ्यावी लागते. पक्षिशास्त्रातल्या गायक पक्ष्यांच्या वर्गात कोकिळ बसत नाही. तो कोकिळांच्या निराळ्या कुळातला, आणि आंब्यावर कुहू कुहू करतो तो नर असतो; मादीचा आवाज अगदी निराळा. म्हणजे आपण लाडक्या गायिकेला दिलेली पदवी मुळात एका पुरुषाची आहे. बुलबुलाची गोष्ट याहून मौजेची. फारसी कवितेत गुलाबापाशी झुरणारा बुलबुल म्हणजे नाइटिंगेल. ते नाव हिंदुस्थानात आले आणि इथल्या डोक्यावर तुरा असलेल्या एका निराळ्याच पाखराला चिकटले. नाइटिंगेलचे खरे नाते आपल्याकडे शोधायचे तर ते आमच्या गच्चीवरच्या दयाळाशी निघते. दोघे एकाच कुळातले. इतका खानदानी गवई दाराशी असून आपण त्याला विसरलो आणि पदव्या भलत्यांना वाटल्या.

तरी पक्ष्यांची बाजू घेणारा कोणी ना कोणी भेटला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ सालची. तिने सामान्य वाचकाच्या हाती दिलेले सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली निघाले. त्याच संस्थेचे, जे. सी. डॅनियल यांचे भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवरचे तसेच पुस्तक यायला १९८३ साल उजाडले. बेचाळीस वर्षांचे हे अंतर पाहिले म्हणजे कोणाची पाठ थोपटली गेली आणि कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागले ते कळते.

घोयरा मला भेटला तो कादंबरी निघाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. पश्चिमेची माणसे त्याच्या बोरिवलीच्या दारातून आत जातात. आमच्या बाजूला मात्र ते रस्त्याच्या टोकाशी डोंगर होऊन उभेच असते. आश्विनातली सकाळ होती. अण्णांना घेऊन मी शेवटच्या इमारतींपर्यंत फिरायला गेलो होतो. तिथे एका सिमेंटच्या भिंतीपाशी पाच-सहा मुले आणि एक रखवालदार जमले होते. रखवालदाराच्या हातात काठी होती. “विषारी आहे, साहेब, लांब राहा,” तो म्हणाला.

भिंतीवर घोयरा होता. वीतभर देह आणि तेवढीच शेपूट, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा, आणि डोळे असे की एक आमच्याकडे पाहत होता व दुसरा डोंगराकडे. अंग फुगवून, तोंड उघडून तो फुसकारत होता. मी पाहत होतो ते निराळेच. म्हणीप्रमाणे करड्या भिंतीवर त्याने करडे व्हायला हवे होते. तो करडा झाला नव्हता. हिरव्या अंगावर काळे ठिपके आणि पट्टे उमटले होते, आणि त्या सपाट भिंतीवर तो इतका ठळक दिसत होता की आंधळ्यालाही चुकता ना.

अण्णांनी खाली पडलेली एक वाळकी फांदी उचलून त्याच्यापुढे धरली. दोन बोटे एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला, अशा चिमट्यासारख्या पावलांनी त्याने ती पकडली, शेपटीचा एक वेढा घातला, आणि झोके खात तो फांदीवर चढला. अण्णांनी तो कुंपणापलीकडे घाणेरीच्या झुडपात नेऊन सोडला. रखवालदार निघून गेला, मुले पांगली. आम्ही थांबलो. हळूहळू काळे ठिपके विरले, पट्टे गेले, आणि पानांत तो पानासारखा हिरवा झाला.

“लपला,” मी म्हणालो.

“लपला नाही,” अण्णा म्हणाले. “निवला.”

या एका शब्दावर मी पुढे पुष्कळ वाचले. घोयऱ्याला विष नसते. त्याला बाहेरचे कान नसतात आणि ऐकूही फारच थोडे येते. ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याला आवाजही नाही, त्याने मनातले सांगावे कसे? तो कातडीने सांगतो. राग आला, प्रतिस्पर्धी दिसला, मादी जवळ आली, भीती वाटली, की रंग पालटतो. सकाळी गारठला असेल तर तो काळवंडतो, कारण काळा रंग ऊन चटकन शोषून घेतो. रात्री झोपेत तो फिका पडतो, म्हणून रानात फिरणारे अभ्यासक त्याला शोधायचे तर रात्री विजेरी घेऊन जातात. जिनीव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली मादागास्करच्या एका जातीवर केलेले संशोधन प्रसिद्ध केले. कातडीतल्या काही पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची रांगोळी मांडलेली असते. प्राणी शांत असताना ठिपके जवळजवळ असतात, त्यांवरून निळा प्रकाश परततो, आणि कातडीतल्या पिवळ्याशी मिसळून आपल्याला हिरवा दिसतो. तो उत्तेजित झाला की ठिपक्यांतले अंतर वाढते आणि पिवळा-तांबडा उजळतो. म्हणजे हिरवा हा त्याचा मुखवटा नसून त्याच्या स्वस्थतेचा रंग आहे. ‘निवला’ या शब्दात अण्णांनी जिनीव्हाचे अर्धे संशोधन सांगितले होते.

वकिली करताना विरुद्ध पुरावा लपवणे बरे नव्हे. घोयरा लपतच नाही असे म्हणणे खोटे होईल. पानांत राहणारा प्राणी पानासारखा असतो, यात त्याचा फायदा आहेच. दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनांच्या एका जातीवर २००८ साली झालेल्या अभ्यासात असे दिसले की समोर साप आहे की पक्षी, हे ओळखून ते आसमंताशी कमी-अधिक मिसळतात. पण त्याच साली त्याच भागातल्या अनेक जातींची तुलना झाली तेव्हा निघाले ते उलटे. ज्या जातींत रंगपालट अधिक, त्यांचे एकमेकांना दाखवायचे रंग अधिक ठळक. रंग बदलण्याची ही विद्या वाढली ती दडण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठी. आरोपी अगदी साधुसंत नसेल. पण ज्या कलमाखाली त्याला शिक्षा झाली, ते कलम त्याला लागू नाही.

आता दयाळाची उलटतपासणी. त्याचे नाव दयाळ, पण पहाटेचे गाणे दयेचे नसते. ‘ही गच्ची माझी, हे झाड माझे, पलीकडच्याने इकडे पाऊल टाकू नये,’ असा त्याचा अर्थ. दुसरा नर हद्दीत आला तर गाणे सोडून मारामारीही होते. मादीला बोलावणे हा दुसरा हेतू. दोन्ही व्यवहार रोखठोक आहेत. त्यांत विरह आणि तळमळ आपण घातली.

शिवाय ते गाणे सर्वस्वी त्याचे स्वतःचेही नव्हे. शेजारच्या पक्ष्यांचे तुकडे तो आपल्या गाण्यात खुशाल उचलून घेतो. गायक पक्ष्यांचे पिल्लू गाणे घेऊन जन्मत नाही, ते त्याला वडीलधाऱ्यांकडून ऐकून शिकावे लागते. केंब्रिजच्या थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्ले एकाकी वाढवून पाहिली, तेव्हा ती गायली खरी, पण ओबडधोबड, अर्धवट. घोयऱ्याची गोष्ट उलटी. मादी झाडावरून उतरते, जमिनीत भोक करते, अंडी पुरते आणि निघून जाते. पिल्लू मातीतून वर येते तेव्हा शिकवायला कोणी नसते. जे काही आहे ते ते अंगात घेऊनच येते. ‘दुसऱ्याचे न उसने घेता स्वतःचेच व्यक्त करणारा’ ही आपण कवीची व्याख्या मानतो. ती लावली तर खरा स्वयंभू ठरतो घोयरा, आणि दयाळ ठरतो परंपरेत वाढलेला, चार घरची चाल उचलणारा गुणी शागीर्द.

आणि बदलणे म्हणाल, तर बदलतो कोण? हॉलंडमधल्या लायडन शहरात २००३ साली असे आढळले की जिथे रहदारीचा घरघराट अधिक तिथले ग्रेट टिट नावाचे पक्षी आपले गाणे वरच्या पट्टीत नेतात, कारण खालचे स्वर त्या घरघरीत बुडून जातात. बर्लिनमध्ये २००४ साली नाइटिंगेलचे आवाज मोजले गेले. गोंगाटाच्या जागी तो अधिक मोठ्याने गातो, आणि सुटीच्या दिवसापेक्षा कामाच्या दिवशी सकाळी अधिक मोठ्याने. म्हणजे कवींचा तो अमर पाखरूही रविवार आणि सोमवार ओळखतो. इंग्लंडातल्या शेफील्डला २००७ साली दिसले की दिवसा जिथे गलका असतो तिथले रॉबिन रात्री गाऊ लागले आहेत. परिस्थिती पाहून सूर बदलणारा, वेळ बदलणारा असा हा गायक आहे. आणि मनात येईल तो रंग चारचौघांत भिंतीवर दाखवणारा घोयरा आहे. वाक्प्रचार नेमका उलटा लिहिला गेला.

हे दोन्ही प्राणी एकाच माणसाला एका वर्षाच्या अंतराने सुचले होते, ही गोष्ट मला फार उद्बोधक वाटते. कीट्सने १८१८ च्या ऑक्टोबरात आपल्या एका मित्राला पत्र लिहिले. कवीला स्वतःचा असा स्वभाव नसतो, तो खलनायकात आणि साध्वीत सारख्याच आनंदाने शिरतो, असे सांगताना त्याने कवीला शॅमेलिऑन म्हटले, आणि ते गौरवाने म्हटले. पुढच्याच वर्षी त्याने नाइटिंगेलवरचे आपले प्रसिद्ध काव्य लिहिले. आमच्याकडे ते काव्य सर्वांनी वाचले, पत्र थोड्यांनी. म्हणून आम्ही लेखकाकडे ‘स्वतःचा सूर’ मागत राहिलो, आणि दर पुस्तकागणिक निराळा होणारा लेखक दिसला की त्याच्या निष्ठेविषयी शंका घेत राहिलो. कीट्सलाही घोयरा नीट ठाऊक नव्हता, हे मी मान्य करतो. घोयऱ्याला स्वभाव असतो, तोच त्याच्या अंगावर उमटतो. पण एवढे तरी त्याने ओळखले की बदल म्हणजे बेइमानी नव्हे.

माझे म्हणणे इतकेच आहे. लेखक असो, माणूस असो, तो बदलला की नाही हा प्रश्न टीकेचा नाही. तो कशापायी बदलला, हा टीकेचा प्रश्न. आतले काही बाहेर यावे म्हणून बदलणे निराळे, गोंगाटात आपला शब्द पोचावा म्हणून बदलणे निराळे, आणि वरच्या साहेबाचा चेहरा पाहून कोट काढणे-घालणे निराळे. पहिले घोयऱ्याचे, दुसरे दयाळाचे. तिसरे फक्त माणसाचे. त्यासाठी रानातला कोणताही प्राणी उसना मागू नये.

आता माझ्या कादंबरीतल्या त्या वाक्याकडे परत येतो. घाटकोपरच्या त्या दुकानात गुजराती शेठ होता, उत्तरेकडचे हमाल होते, दारावर नाना भाषांची गिऱ्हाइके होती आणि बाहेर रस्त्याचा कोलाहल होता. त्यात पाच माणसांचे घर चालवणाऱ्या एका कोकणी माणसाला आपला शब्द पोचवायचा होता. त्याने पट्टी बदलली. आमच्या या सबंध उपनगरात, मुलुंडपासून अंधेरीपर्यंत, रोज लक्षावधी माणसे घराचा उंबरा ओलांडताना एक भाषा ठेवतात आणि दुसरी उचलतात. मी स्वतः घरी एक मराठी बोलतो, वर्गात दुसरी आणि या लेखात तिसरी. ते सारे सरडे नव्हेत. माझ्या बापाला शिवी द्यायचीच होती, तर निदान प्राणी तरी मी बरोबर निवडायला हवा होता.

आणि घोयराही त्यांच्यात होता, पण तो दुकानात कधी दिसला नाही. तो घरी दिसे. रात्री साडेनऊला अण्णा येत, भिंतीला पाठ टेकून खाटेवर बसत आणि डोळे मिटत. दिव्याच्या उजेडात तो चेहरा किती फिका दिसे, हे मी लहानपणी रोज पाहिले आहे. ज्या दिवशी शेठने चारचौघांत बोल लावला असेल त्या दिवशी तो काळवंडलेला असे, आणि आईवर निघणारी ती चीड मी कादंबरीत खुणेसारखी वापरली. हळूहळू जेवण होई, आई सुपारी कातरून देई, आणि तो चेहरा निवत जाई. दिवसभर जगाला त्यांचा सूर मिळे. रंग तेवढे आमच्यासाठी राखलेले होते. एवढे समोर असताना मला दिसला तो एक वाक्प्रचार.

यंदा त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. प्रकाशकाने दुरुस्त्या मागितल्या तेव्हा ते पान घेऊन मी अण्णांजवळ बसलो. आता ते फारसे बाहेर पडत नाहीत. फाल्गुन-चैत्रात पहाटे उठून सज्जात बसतात आणि गच्चीवरच्या त्या गवयाची वाट पाहतात. मी म्हणालो, “अण्णा, हे वाक्य काढून टाकतो. त्याच्या जागी काय घालू?”

त्यांनी चष्मा लावून वाक्य पुन्हा वाचले. “राहू दे,” ते म्हणाले. “तेव्हा तुला तसंच दिसलं होतं. पण खाली बारीक अक्षरात लिही, घोयरा बघितला नव्हता म्हणून.”

ती तळटीप लिहायला बसलो होतो. ती थोडी लांबली, म्हणून या अंकाच्या संपादकांकडे पाठवून दिली.